अक्षरांचं गारूड

१७२० च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये जो तो साउथ सी कंपनीच्या शेअरविषयी बोलत होता. वर्षाच्या सुरुवातीला सव्वाशे पौंडांच्या आसपास असलेला हा शेअर काही महिन्यांत हजाराच्या घरात जाऊन पोहोचला. सरदार, वकील, पाद्री, दुकानदार, विधवा बायका, ज्याच्या गाठीला जे होतं ते त्याने त्यात ओतलं. कंपनीचा दक्षिण अमेरिकेशी असलेला व्यापार नावापुरता होता. सरकारचं कर्ज अंगावर घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात शेअर खपवायचे, हा तिचा खरा उद्योग. सप्टेंबरात भाव कोसळले आणि वर्ष सरताना शेअर जवळपास होता तिथे येऊन पडला. आयझॅक न्यूटनसारख्या माणसाचेही पैसे त्यात बुडाले.

त्याच वर्षी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथे अ‍ॅलन रॅम्से नावाच्या कवीने या सट्ट्यावर एक कविता लिहिली. रॅम्सेचा मूळ धंदा केसांचे टोप करण्याचा. पुढे तो पुस्तकविक्रेता झाला, भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालयही त्याने काढलं. श्रीमंत होण्यासाठी आत्मा विकायला निघालेल्या चेटकिणीला सैतान कसा जाळ्यात ओढतो, हे तो या कवितेत सांगतो : तो तिच्या डोळ्यांवर फसवं 'ग्लॅमर' टाकतो. या शब्दाच्या आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या छापील नोंदींपैकी ही एक. पुढच्याच वर्षी रॅम्सेच्या कवितांचा संग्रह निघाला. त्याच्या शेवटी स्कॉट शब्दांचा कोश होता आणि त्यात त्याने या शब्दाचा अर्थही दिला. सैतान, मांत्रिक किंवा जादूचे खेळ करणारे जेव्हा पाहणाऱ्याची दृष्टी फसवतात, तेव्हा त्यांनी त्याच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकलं असं म्हणतात. मराठीत याला चपखल शब्द आहे, नजरबंदी.

या जुन्या अर्थात सौंदर्याचा मागमूसही नाही. देखणा चेहरा नाही, उंची कपडे नाहीत. ग्लॅमर ही तेव्हा कुणी तरी करायची क्रिया होती आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर केली जायची. आज आपण हा शब्द नटनट्यांसाठी सर्रास वापरतो आणि तो त्यांच्या अंगचा गुण आहे असं धरून चालतो. क्रियेचा गुण कसा झाला, आणि ती क्रिया मुळात कुणाच्या हातात होती, याचा इतिहास सातआठशे वर्षांचा आहे. त्याची सुरुवात होते शाळेत सगळ्यांना नकोशा वाटणाऱ्या विषयापासून, व्याकरणापासून.

ग्रीक भाषेत 'ग्रामा' म्हणजे अक्षर. त्यावरून अक्षरविद्येला 'ग्रामातिके' म्हणू लागले. लॅटिनमध्ये तिचं 'ग्रामातिका' झालं. मध्ययुगीन युरोपात ग्रामातिका शिकणं म्हणजे लॅटिन शिकणं, आणि लॅटिन शिकणं म्हणजे धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक, कायदा अशा सगळ्या विद्यांचं दार उघडणं. हे दार फार थोड्यांसाठी होतं. गावातला शेतकरी दर रविवारी चर्चमध्ये जाई. समोरचा पाद्री न कळणाऱ्या भाषेत काही पुटपुटे आणि भाकरीचा तुकडा ख्रिस्ताचं शरीर होई. त्या शेतकऱ्याच्या लेखी जाड पुस्तकातल्या काळ्या खुणा ओळखणारा माणूस साधा असणं शक्यच नव्हतं. कागदावरच्या खुणांकडे बघून हा दूरच्या, मेलेल्या माणसांचं बोलणं ऐकतो, तर आणखी काय काय करत नसेल?

आणि अक्षरांनी खरोखरच जीव वाचत होता. इंग्लंडमध्ये धर्मगुरूंवर साध्या न्यायालयात खटला चालत नसे, त्यांचा न्याय चर्च करी आणि चर्च फाशी देत नसे. आरोपी धर्मगुरू आहे हे ठरवायचं कसं, तर त्याला लॅटिन वाचता येतं का ते पाहून. हळूहळू ही सवलत वाचता येणाऱ्या कुणाही पुरुषाला मिळू लागली. आरोपीपुढे बायबल उघडलं जाई आणि बहुधा ५१ व्या स्तोत्राची पहिली ओळ वाचायला सांगितली जाई. वाचली तर गळफास टळे, म्हणून लोक या ओळीला 'मानेची ओवी' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. १४८९ च्या कायद्याने सामान्य माणसाला ही सूट एकदाच मिळेल असं ठरलं आणि खूण म्हणून अंगठ्यावर डाग द्यायला सुरुवात झाली. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये द्वंद्वात एका नटाला ठार मारलं. तोही वाचता येत होतं म्हणूनच वाचला, अंगठ्यावर डाग घेऊन बाहेर पडला. वाचनाची ही परीक्षा १७०६ मध्ये रद्द झाली. मंत्राने मरण टळतं हे लोकांनी ऐकलं असेल, अक्षरांनी टळताना मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून मध्ययुगात जो मोठा विद्वान, त्याच्याविषयी चेटकाची वदंता ठरलेली. दहाव्या शतकातला गेर्बेर हा फ्रेंच भिक्षू गणितात पारंगत होता. अरबी विद्येचा शेजार लाभलेल्या कॅटालोनियात तो शिकला, अबॅकसवर हिशेब करायला त्याने शिष्यांना शिकवलं आणि ९९९ मध्ये दुसरा सिल्वेस्टर म्हणून तो पोपही झाला. पुढच्या पिढ्यांनी त्याच्याविषयी काय सांगावं? तर त्याने सैतानाशी करार केला होता आणि त्याच्यापाशी प्रश्नांची उत्तरं देणारं एक बोलकं मुंडकं होतं.

त्याहून आपल्या कामाचा माणूस म्हणजे मायकेल स्कॉट. नावाप्रमाणेच हा स्कॉटलंडचा. स्पेनमधल्या तोलेदो शहरात त्याने अरबी शिकून १२१७ मध्ये अल-बित्रूजीच्या खगोलशास्त्रावरच्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर केलं. अ‍ॅरिस्टॉटलचे प्राण्यांवरचे ग्रंथही त्याने अरबीतून लॅटिनमध्ये आणले. पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी तो राजज्योतिषी होता. युरोपला अ‍ॅरिस्टॉटल परत मिळवून देणाऱ्यांपैकी तो एक. पण कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला नरकाच्या आठव्या वर्तुळात, मान उलटी पिरगळलेल्या मांत्रिकांच्या रांगेत उभं केलं. मायभूमीत तर तो निव्वळ जादूगार म्हणूनच उरला. दक्षिण स्कॉटलंडमधल्या आयल्डन टेकडीची तीन शिखरं त्याच्या हुकमतीतल्या सैतानाने एका रात्रीत फोडून केली आणि मेलरोझच्या मठात तो आपल्या पोथीसह पुरलेला आहे, असं लोक सांगत आले.

भाषेत याचे ठसे उमटले. जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्रामेर' या एकाच शब्दाचा अर्थ व्याकरण असाही होता आणि मंत्रतंत्राची पोथी असाही. त्यातूनच मांत्रिकाच्या पोथीसाठी 'ग्रिम्वार' हा शब्द निघाला. मध्ययुगीन इंग्रजीत 'ग्रामरी' म्हणजे आधी विद्या आणि मग गूढविद्या. स्कॉट लोकांच्या तोंडी 'ग्रामर'मधल्या 'र'चा 'ल' झाला आणि 'ग्लॅमर' तयार झालं. आपल्याला यात नवल वाटायला नको, 'रलयोरभेदः' म्हणत संस्कृतातले रोम आणि लोम शेजारी नांदत आलेच आहेत. व्याकरण हा अर्थ 'ग्रामर'कडे राहिला आणि जादू 'ग्लॅमर'कडे गेली.

या जादूने नेमकं काय होतं, याचं उत्तर धर्मशास्त्रात तयार होतं. सृष्टी निर्माण करणं फक्त देवाला शक्य, सैतानाला काहीही नवं घडवता येत नाही. त्याला फार तर माणसाच्या इंद्रियांना फसवता येतं. तेव्हा चेटकाने दिसतं ते सगळं आभास असतं, पण आभास घडवणारा हात खरा असतो आणि त्या हाताला शिक्षा झाली पाहिजे. या तर्काचं टोक स्कॉटलंडने गाठलं. तिथे १५६३ मध्ये चेटूकविरोधी कायदा झाला. राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नवरीला घेऊन येत असताना समुद्रात वादळं झाली, तेव्हा ती चेटकिणींनीच उठवली असं ठरवून १५९० आणि ९१ मध्ये नॉर्थ बेरिकचे खटले चालले. राजाने स्वतः काही आरोपींची चौकशी केली आणि १५९७ मध्ये या विषयावर ग्रंथही लिहिला. कायदा १७३६ मध्ये रद्द होईपर्यंत चेटकाचा आरोप झालेली ३,८३७ माणसं स्कॉटलंडच्या दप्तरांतून अभ्यासकांनी शोधून काढली आहेत. त्यांत दर सहांतल्या पाच बायका होत्या. छळ करून जबाब घेतले जात, झोपू दिलं जात नसे, आणि दोषी ठरलेल्या बाईला बहुधा आधी गळा आवळून मग जाळत. हा शब्द ज्या जमिनीत वाढला तिचा हा वास विसरून चालणार नाही.

ग्लॅमरचा संशय आणखी एका जमातीवर होता. १६ व्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कॉटलंडमध्ये भटक्या लोकांच्या टोळ्या दिसू लागल्या. सावळा वर्ण, घोड्यांचा व्यापार, लोहारकाम, गाणं-बजावणं आणि हात पाहून भविष्य सांगणं. ते इजिप्तहून आले असा समज झाल्याने त्यांना 'इजिप्शियन' आणि पुढे 'जिप्सी' म्हणू लागले. पाचव्या जेम्स राजाच्या १५४० च्या एका पत्रात जॉनी फा या त्यांच्या म्होरक्याचा उल्लेख 'छोट्या इजिप्तचा सरदार' असा सन्मानाने येतो. दोन पिढ्यांत वारं फिरलं. १६०९ च्या कायद्याने त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला आणि नुसतं 'इजिप्शियन' असणं हाच देहदंडाचा गुन्हा ठरला. १६२४ मध्ये दुसऱ्या एका जॉन फाला त्याच्या साथीदारांसह फाशीची शिक्षा झाली.

लोकांनी त्याच फाचं गाणं केलं. जिप्सी सरदाराच्या वाड्यापुढे येतात, इतकं गोड गातात की मालकीणबाई जिना उतरून खाली येते. तिचं रूप पाहताच ते तिच्यावर ग्लॅमर टाकतात आणि ती रेशमी वस्त्रं उतरवून त्यांच्यामागे निघून जाते. हा पोवाडा रॅम्सेच्या गीतसंग्रहातही छापला गेला. कॅसिलिसच्या उमरावाच्या पत्नीशी त्याची सांगड घालण्यात आली, पण तिच्या मृत्यूनंतर नवऱ्याने लिहिलेल्या पत्रांत जिव्हाळाच दिसतो, पळून गेल्याचा काडीइतकाही पुरावा नाही. या गाण्यात एक गोष्ट मात्र पहिल्यांदा घडते. इथे शब्दाला कामनेचा स्पर्श होतो. फसवले जाणारे डोळे एका तरुण बाईचे आहेत, फसवणारं साधन सूर आहे, आणि ती जे करते ते तिला कदाचित मनापासून करायचंच होतं. आपल्या घरातली बाई आपण होऊन उठून जाईल हे मान्य करण्यापेक्षा तिच्यावर कुणी तरी काही केलं असं म्हणणं समाजाला सोयीचं वाटलं. आपल्याकडेही अशा वेळी 'तिला भुरळ घातली' असंच म्हणतात.

ज्यांना इजिप्तचे समजून हाकललं गेलं, त्यांचं मूळ कुठे होतं हे १७८० च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी त्यांच्या भाषेवरून दाखवलं. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नाख', माणसाला 'मानुष' आणि डोळ्याला 'याख', म्हणजे आपला अक्षि. एक ते पाच आणि दहा हे आकडे ऐकले तर मराठी माणसाला दुभाषी लागत नाही. हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेला निघालेली ही माणसं. स्कॉटलंडच्या थंडीत ज्यांच्यावर नजरबंदीचा आळ आला, ते डोळ्याला आपल्याच शब्दाने ओळखत होते.

१८ वं शतक संपत आलं तेव्हा भीती विझली होती. चेटकिणींचा कायदा गेला, १६९६ च्या कायद्याने गावोगाव शाळा काढायच्या ठरल्या होत्या, स्कॉट शेतकऱ्याचा मुलगा बायबल वाचू लागला. ज्याला स्वतःला वाचता येतं, तो वाचणाऱ्याला कशाला भिईल? रॉबर्ट बर्न्सने १७८९ मध्ये जुन्या वस्तू जमवणाऱ्या आपल्या एका मित्रावर विनोदी कविता केली, तीत ग्लॅमरचा धंदा करणारे जिप्सी येतात ते थट्टेपुरतेच. हा शब्द तसा मरणपंथाला लागला होता. त्याला जीवदान दिलं ते वॉल्टर स्कॉटने.

स्कॉट दीड वर्षाचा असताना आजाराने त्याचा उजवा पाय अधू झाला. मोकळ्या हवेसाठी त्याला एडिंबरातून आजोबांच्या शेतावर धाडलं. तिथून पडका स्मेलम बुरूज दिसे, आयल्डनची शिखरं दिसत, आणि आत्या त्याला सरहद्दीवरच्या लढायांचे पोवाडे वाचून दाखवी. मोठेपणी वकिली करता करता त्याने खेडोपाडी हिंडून हे पोवाडे गोळा केले आणि १८०२-०३ मध्ये छापले. त्यानंतर एका उमराव घराण्यातल्या बाईने त्याला खोडकर पिशाच्चाची एक दंतकथा सांगून तिच्यावर कविता करायला सुचवलं. त्यातून १८०५ मध्ये त्याचं पहिलं मोठं काव्य आलं, 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल'.

या काव्यातली एक घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जादू जाणणारी एक उमरावीण विल्यम ऑफ डेलोरेन या आपल्या घोडेस्वाराला रात्रीच मेलरोझच्या मठात पाठवते. मायकेल स्कॉटचं थडगं उघडून त्याची पोथी आणायची आणि तिच्यात डोकवायचं नाही, अशी ताकीद देते. डेलोरेन म्हणतो, त्याची काळजीच नको, मला अक्षर न् अक्षर सारखं आहे. फाशीच्या टेकडीवर मानेची ओवी वाचायची वेळ आली तरी मला ती वाचता येणार नाही. त्या जुन्या परीक्षेची आठवण स्कॉटने मुद्दाम ठेवली. पोथी आणताना डेलोरेन जखमी होतो आणि ती एका खुज्या पिशाच्चाच्या हाती लागते. जखमेचं रक्त चोपडल्यावर ती उघडते. त्या पिशाच्चाला जेमतेम एकच लहानसा मंत्र वाचायला मिळतो, आणि तो मंत्र असतो ग्लॅमरचा. त्याच्या बळावर कोठडीतलं कोळिष्टक सरदाराच्या दिवाणखान्यातला भरजरी पडदा भासतं, झोपडीचा राजवाडा होतो, म्हातारा तरुण दिसतो. वाचकांना शब्द अनोळखी असणार हे जाणून स्कॉटने टिपेत त्याचा अर्थ दिला आणि जॉनी फाच्या गाण्याचा हवालाही दिला.

काव्य तुफान खपलं. त्यामागोमाग आलेल्या कादंबऱ्यांनी स्कॉटचं नाव युरोप-अमेरिकेत घरोघरी नेलं आणि त्याबरोबर हा शब्दही गेला. अमेरिकेने 'कलर', 'ऑनर' यांसारख्या शब्दांच्या स्पेलिंगमधला 'यू' काढून टाकला, पण 'ग्लॅमर'मधला तिथेही बहुतेक तसाच राहिला. माझ्या मते स्कॉटचं खरं कर्तृत्व शब्द वाचवण्यापुरतं नाही. त्याने ती क्रिया स्वतः करून दाखवली. चिखल, दारिद्र्य आणि गुरं पळवण्यावरून होणाऱ्या खुनाखुनीचा सरहद्दीचा प्रदेश त्याच्या लेखणीतून गेल्यावर स्वप्नातला वाटू लागला. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा स्वागताची सारी आखणी स्कॉटची होती. त्याने लठ्ठ राजाला किल्ट नेसवलं, ज्यांच्या घराण्यात कधी चौकटीचं कापड आलं नव्हतं अशा शहरी माणसांनाही ते नेसायला लावलं, आणि स्कॉटलंडचं जे चित्र जगाच्या डोळ्यांसमोर तेव्हा उभं राहिलं ते आजही हललेलं नाही.

इथून शब्दाचा अर्थ पालटत गेला. १९ व्या शतकात दूरच्या, हरवलेल्या, हाती न लागणाऱ्या गोष्टींभोवतीच्या मोहक धुक्याला ग्लॅमर म्हणू लागले. पूर्वेच्या देशांचं ग्लॅमर, युद्धाचं ग्लॅमर. जोसेफ कॉन्रॅडच्या १८९८ च्या 'यूथ' या कथेत तर तारुण्याचं. फसवणुकीचा आरोप मागे पडला, हवीहवीशी वाटणारी भूल उरली. मराठीतही हेच घडलेलं आहे. सापाचं विष उतरवणारा तो गारुड मंत्र, तो जाणणारा गारुडी, मग त्याचे हातचलाखीचे खेळ म्हणजे गारूड, आणि आज आपण लताबाईंच्या आवाजाचं गारूड म्हणतो तेव्हा त्यात स्तुतीच असते. 'लावण्या'ची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात लवण आहे, मीठ आहे. मीठ पदार्थात असतं, तसं लावण्य त्या माणसातच मुरलेलं असतं. गारूड आणि ग्लॅमर यांना मात्र कुणी तरी घालणारा लागतो.

विसाव्या शतकात तो घालणारा कॅलिफोर्नियात सापडला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, अमेरिकेत लाखो लोकांचे रोजगार गेले, आणि नेमक्या त्याच वर्षांत हॉलिवूडच्या स्टुडिओंनी नजरबंदीचा कारखाना उभा केला. एमजीएम या स्टुडिओची नटी नॉर्मा शिअरर हिला 'द डिव्होर्सी' या चित्रपटात काम हवं होतं. एमजीएमचा निर्मितीप्रमुख अर्विंग थॅलबर्ग हा तिचाच नवरा, पण तिच्यात त्या भूमिकेला लागणारी मादकता नाही असं त्याचं मत. १९२९ मध्ये ती जॉर्ज हरेल नावाच्या तरुण छायाचित्रकाराकडे गेली. त्याने काढलेले फोटो थॅलबर्गपुढे ठेवले गेले, भूमिका तिला मिळाली आणि त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्करही मिळालं. जिच्याबरोबर रोज राहत होता ती बायको थॅलबर्गला दिसली नव्हती, ती फोटोत दिसली. हरेलला एमजीएमने लगेच नोकरीवर घेतलं.

हरेलची पद्धत पाहण्यासारखी आहे. तो मोठ्या, आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर फोटो घेई. चेहऱ्यावर रंगाचे थर नकोत, त्वचेवर तेलाचा किंचित हात असला की उजेड तिच्यावर ओला चमकतो, असा त्याचा आग्रह. माइक लटकवण्याच्या लांब दांड्याला दिवा बांधून तो नटीच्या डोक्यावर कुठेही फिरवता येईल अशी सोय त्याने केली. पापण्यांच्या सावल्या गालांवर लांबवर पडत. पुढचं काम रिटचिंग करणाऱ्यांचं. टोकदार शिसपेन्सिलीने ते निगेटिव्हवर तासन्‌तास बारीक रेघोट्या ओढत आणि डाग, सुरकुत्या बुजवत. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर वांग होते. १९३१ च्या सुमाराचा तिचा एक फोटो रिटचिंगच्या आधीचा आणि नंतरचा, असा दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. पहिल्या फोटोत उन्हात वावरलेली, आपल्यासारखीच एक बाई आहे. दुसऱ्यात संगमरवर आहे.

पॅरामाउंट स्टुडिओत दिग्दर्शक योझेफ फॉन स्टर्नबर्ग नटी मार्लेन डीट्रिशवर उजेडाचेच प्रयोग करत होता. मुख्य दिवा चेहऱ्याच्या सरळ समोर पण उंचावर ठेवायचा. गालफडं वर उचलल्यासारखी दिसतात, गालांखाली खळगा पडतो आणि नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली येते. त्यांच्या 'शांघाय एक्स्प्रेस' या चित्रपटाच्या छायालेखनाला १९३२ मध्ये ऑस्कर मिळालं ते याच उजेडासाठी. रंगरंगोटीची बाजू मॅक्स फॅक्टरने सांभाळली. पोलंडमध्ये जन्मलेला आणि पुढे अमेरिकेला आलेला हा माणूसही रॅम्सेसारखाच मूळचा टोप करणारा. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर कोणता रंग कसा उमटतो याचा त्याने वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि पडद्यासाठी केलेली प्रसाधनं पुढे दुकानांतून साध्या बायकांनाही विकली. १९३९ मध्ये 'ग्लॅमर ऑफ हॉलिवूड' या नावाचं मासिक निघालं. थोड्याच काळात त्यातलं हॉलिवूड गळलं आणि नुसतं 'ग्लॅमर' राहिलं.

हा उजेड आपल्याकडेही फार लवकर पोहोचला. १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली, तेव्हा त्यांनी जर्मनीहून आणलेल्या तंत्रज्ञांत योझेफ विर्शिंग हा छायालेखक होता. देविकाराणीचे त्याने घेतलेले चेहरे पाहिले तर बर्लिन, हॉलिवूड आणि मालाड एकाच शाळेतले वाटतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं, पण सुटल्यावर तो इथेच राहिला. कमाल अमरोहींच्या १९४९ च्या 'महल'चं छायालेखन त्याचंच. झोक्यावर दिसणारी आणि दिसता दिसता नाहीशी होणारी मधुबाला त्यातच आहे. ती भूत आहे असं नायकाला वाटतं, प्रत्यक्षात ती माळ्याची मुलगी असते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेला आभास हा ग्लॅमरचा जुना अर्थ इथे कथानकातही आहे आणि उजेडातही.

पाहणाऱ्यांना या कारखान्याने जे दिलं ते खोटं म्हणून झटकून टाकावं असं मला वाटत नाही. मंदीच्या वर्षांत काही पैशांत मिळणारे ते दोन तास लोकांना खरोखर हवे होते, आणि हरेलचे फोटो हे निर्विवाद कलाकाम आहे. पण शब्द 'टाकणे' या क्रियापदापासून सुटून 'असणे' या क्रियापदाला जोडला गेला तो इथेच. दिवे, पेन्सिल, जाहिरात खातं हे सारं दृष्टीआड झालं आणि ग्लॅमर नटीच्या अंगात आहे असं सगळे बोलू लागले. ते अंगात आणण्यासाठी मग तिच्या अंगावर काहीही करायची मुभा मिळाली. न्यूयॉर्कच्या मार्गारिटा कान्सिनो या मुलीचं कपाळ कोलंबिया स्टुडिओला फारच अरुंद वाटलं. विजेच्या सुईने केसांची मुळं एकेक करून जाळत, कित्येक महिने वेदना सोसायला लावत तिची केसांची रेषा मागे सरकवली, काळे केस लालसर केले, स्पॅनिश आडनाव काढून टाकलं. अशी रिटा हेवर्थ तयार झाली. १९४६ मध्ये 'गिल्डा' या चित्रपटाने तिला जगभर पोहोचवलं.

हे ग्लॅमर कायद्याने स्टुडिओच्या मालकीचं होतं. करार सात वर्षांचा असे, त्यात नटीने भूमिका नाकारली की तिला बिनपगारी निलंबित करत आणि ते दिवस कराराच्या मुदतीत वाढवत, म्हणजे सात वर्षं कधी संपतच नसत. नटी ऑलिव्हिया डी हॅविलंडने १९४३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९४४ च्या डिसेंबरात तिच्या बाजूने निकाल दिला : सात वर्षं म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षं. कॅलिफोर्नियात मनोरंजन क्षेत्रातल्या करारांबाबत आजही तिच्याच नावाने हा नियम ओळखला जातो. खटल्याच्या काळात आणि नंतरही काही दिवस कुठलाही स्टुडिओ तिला काम देत नव्हता. काम पुन्हा सुरू झाल्यावर तिने स्वतः निवडलेल्या भूमिकांपैकी एक होती 'द एअरेस' या चित्रपटातली कॅथरिन स्लोपर, जिचा बाप तिला तोंडावर सांगतो की तुझ्यात पैशाखेरीज कुणाला आवडेल असं काही नाही. या भूमिकेसाठी कॅमेऱ्यासमोर तिचा चेहरा साधा, फिका ठेवला होता. १९४९ चं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिला याच भूमिकेसाठी मिळालं.